पुण्याच्या उन्हाचा ताळेबंद

पुण्यात वर्षाकाठी साधारण २,९०० तास ऊन पडते. हवामान विभागाच्या दीर्घकालीन नोंदींवरून निघणारा हा आकडा ३६५ दिवसांत वाटला, तर दिवसाच्या वाट्याला आठ तासांना थोडे कमी ऊन येते. लंडनकरांना वर्षाला दीड हजार तासांच्या आसपास समाधान मानावे लागते, त्या मानाने पुणे चांगलेच उन्हाचे शहर म्हणायचे. या सरासरीत चूक काहीच नाही. मात्र तिचा उपयोगही बेताचाच आहे, कारण रोज आठ तास ऊन पडणारा महिना पुण्यात जवळपास एकच, तो म्हणजे ऑक्टोबर. बाकीचे अकरा महिने एकतर नऊ-दहा तासांचे असतात, नाहीतर सहा तासांच्या आसपासचे किंवा त्याहूनही बरेच खालचे. फेब्रुवारी ते मे हे चार महिने दहा तासांच्या घरात, डिसेंबर-जानेवारी नऊच्या वर, जून आणि सप्टेंबर सहाच्या आगेमागे, आणि जुलै-ऑगस्ट चारच्या आत. म्हणजे वर्षाच्या सहाव्या हिश्शाएवढ्या दोन महिन्यांत वर्षाचे जेमतेम आठ टक्के ऊन मिळते. पुण्याच्या उन्हाचा हिशेब वर्षावर मांडला की फसतो आणि ऋतूंवर मांडला की जुळतो. शिवाय उन्हाचे हे ऋतू सूर्यापेक्षा ढगच जास्त ठरवतात, असे माझे म्हणणे आहे. वरवर पाहता ही किरकोळ दुरुस्ती वाटेल. पण गच्चीवरच्या सौर पॅनेलपासून शेतातल्या पिकापर्यंत आणि धरणातल्या पाण्यापर्यंत अनेक गोष्टींचे गणित या दुरुस्तीने बदलते.

आधी उन्हाचे तास मोजतात कसे, ते पाहू. यंत्र दिसायला अगदी साधे. दहाएक सेंटीमीटर व्यासाचा काचेचा भरीव गोळा धातूच्या वाटोळ्या चौकटीत बसवलेला असतो. गोळ्यामागे चौकटीच्या खाचेत तासांच्या रेघा छापलेली जाड कागदाची पट्टी सरकवतात. ऊन गोळ्यातून जाऊन पट्टीवर एका बिंदूत एकवटते आणि तिथला कागद जळतो. सूर्य आभाळात पुढे जाईल तसा जळका माग पट्टीवर पुढे सरकत जातो. ढग आडवा आला की जळणे थांबते, ढग सरला की पुन्हा सुरू होते. सूर्यास्तानंतर पट्टी काढायची, जळालेल्या तुकड्यांची लांबी तासाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची आणि दुसऱ्या दिवसासाठी नवी पट्टी घालायची. जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांनी १८५३मध्ये पाण्याने भरलेला काचेचा गोळा लाकडी वाडग्यात ठेवून ही युक्ती केली. १८७९मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी तिला धातूची चौकट आणि कागदी पट्टी दिली. दोघांच्या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र भारतीय हवामान विभागाने दशकानुदशके वापरले. १८७५मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी निरीक्षणांची जुनी परंपरा पुण्यात राहिली. पट्टीविषयी आणखी एक तपशील लक्षात ठेवावा. तिच्यावरची बाराची रेघ सौरवेळेची असते, मनगटावरच्या घड्याळाची नसते. पुणे प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या जवळपास पावणेनऊ अंश पश्चिमेला असल्यामुळे इथे माध्यान्ह सरासरी साडेबारा उलटून गेल्यावर होते, नोव्हेंबरात १२.२०च्या सुमारास आणि फेब्रुवारीत १२.५०च्या सुमारास.

अशा पट्ट्या महिन्यामहिन्याने ओळीत मांडल्या, तर पुण्याचे वर्ष त्यांवर वाचता येते. जानेवारीतल्या पट्टीवर एक सलग काळी रेघ दिसते. टोकाचा थोडा भाग कोरा, कारण उगवता आणि मावळता सूर्य क्षितिजाजवळ असताना, त्यातून सकाळी धुके किंवा धुरकट हवा असली तर, कागद जळण्याइतकी धग त्याच्यात नसते. मार्च-एप्रिलमध्ये ही रेघ आणखी लांब आणि ठळक होते. मे महिन्यात सकाळपासून दुपारपर्यंत ती अखंड असते आणि तीन-चारच्या पुढे अधूनमधून तुटते. हे वळवाचे ढग. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी वारे पोहोचले की रेघेचे तुकडे पडू लागतात. जुलैत अख्खी पट्टी कोरी निघाल्याचे दिवस येतात, काही दिवस दुपारी एखादा डाग तेवढा उमटतो. ऑगस्टमध्ये, म्हणजे साधारण श्रावणात, ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की डाग वाढतात, पण ते सुटे सुटे, आणि त्यांची बेरीज जुलैच्या पुढे जात नाही. सप्टेंबरात उघडीप वाढते, परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो, त्यामुळे सकाळची रेघ सलग आणि संध्याकाळ कोरी. ऑक्टोबरच्या मध्यावर मोसमी वारे माघारी फिरले की पट्टी पुन्हा भरू लागते. या सगळ्या उलथापालथीत जूनच्या पूर्वार्धातली घसरण सर्वांत तीव्र आहे. मे आणि जुलै यांमध्ये रोजच्या उन्हातले सहा तास गळतात.

या घसरणीचे कारण दिवसाच्या लांबीत शोधायला गेलो, तर उत्तर उलटे येते. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, उष्ण कटिबंधात आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक दोन तासांना थोडा जास्त. म्हणजे नुसत्या खगोलशास्त्राने ठरवायचे तर जूनमध्ये सर्वांत जास्त ऊन असायला हवे आणि डिसेंबरमध्ये सर्वांत कमी. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये दिवसाच्या सुमारे ८५ टक्के वेळ ऊन असते आणि जूनमध्ये निम्म्याहूनही कमी. सूर्य पुण्याच्या माथ्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस शाळा आणि खगोलप्रेमी मंडळे उत्साहाने साजरा करतात. जुलैच्या अखेरचा दुसरा दिवस बहुधा कुणाला कळतच नाही, कारण सावली पाडायला ऊनच नसते. सूर्य दोन्ही वेळा त्याच उंचीवर असतो. मधले आभाळ तेवढे बदललेले असते. जगातल्या अतिशय उन्हाळ शहरांत गणल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या युमाशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या शहरात वर्षाला सुमारे ४,००० तास ऊन पडते. जूनमध्ये रोज तेराच्या आसपास, डिसेंबरमध्ये आठच्या आसपास. तिथला आलेख दिवसाच्या लांबीच्या मागे मुकाट चालतो. लंडनमध्ये ढग बारमाही, तरी तिथेही उन्हाचे शिखर मे ते जुलैमध्येच येते आणि डिसेंबरात रोजचे ऊन जेमतेम दोन तासांवर उतरते. पुण्याचा आलेख या दोघांपैकी कुणासारखाच नाही. तो फेब्रुवारीतच शिखरावर चढतो, मे अखेरपर्यंत तिथे टिकतो आणि वर्षातले मोठे दिवस सुरू होताच कोसळतो.

यावर कुणी म्हणेल, यात नवल ते काय? पावसाळ्यात पाऊस पडतो, म्हणून ऊन कमी. पण पाऊस आणि ऊन यांचे नाते इतके सरळ नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. जुलैत तर मुंबईचा पाऊस पुण्याच्या चौपटीहून अधिक असतो. पुण्याचे ऊन मात्र मुंबईच्या चौपट नाही; मुंबईत त्या महिन्यात रोज दोन-अडीच तास, पुण्यात चारच्या थोडे आत. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत असल्यामुळे पुण्याचा पाऊस कापला जातो, ढग तितकेसे कापले जात नाहीत. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाट चढताना आपले बहुतेक पाणी महाबळेश्वर, लोणावळा, ताम्हिणीत ओतून टाकते आणि उरलेला ढगांचा थर पठारावर पसरत जातो. त्यातून दिवसभर भुरभुर पडते, पर्जन्यमापकात एक-दोन मिलिमीटर जमतात, काही दिवस तेही नाहीत. पण आभाळ कुंद ते कुंदच. एका वळवाच्या सरीत तासाभरात तीस मिलिमीटर पाऊस पडला, तरी त्या दिवशीची पट्टी आठ तास जळालेली असू शकते. जुलैतल्या कोरड्या पण झाकोळलेल्या दिवशी ती एक तासही जळत नाही. म्हणून पावसाच्या आकड्यांवरून उन्हाचा अंदाज बांधता येत नाही. त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते.

जी गत पावसाची, तीच उष्म्याची. ऊन जास्त म्हणजे उकाडा जास्त, ही समजूत पुण्याच्या बाबतीत फेब्रुवारीतच खोटी पडते. फेब्रुवारीत रोज दहा तासांच्या आसपास ऊन, म्हणजे एप्रिलइतकेच. पण दुपारचे सरासरी कमाल तापमान ३२ अंशांच्या घरात असते, एप्रिलमध्ये ते ३७-३८पर्यंत चढते. कारण फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तिरप्या किरणांची धग जास्त जमिनीवर पसरते आणि निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडून देते. थंडीत पुण्याचा पारा पहाटे बोचऱ्या अंकावर उतरतो तोही याच निरभ्रपणामुळे. दिवसा भरपूर ऊन देणारे मोकळे आभाळच रात्री गारवा देते. ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची ऊब धरून ठेवतात, म्हणून ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान २८ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे त्याच्यापासून फार लांब नसते. ऑक्टोबर हीटचा त्रास तर उन्हाच्या तासांनी मुळीच उलगडत नाही. त्या महिन्यात ऊन एप्रिलपेक्षा दोन तासांनी कमी आणि पाराही बराच खाली असतो. पण जमीन ओली, हवा दमट, आणि चार महिन्यांच्या सावलीनंतर एकदम लख्ख ऊन पडल्याने शरीराला ते जास्त जाणवते. तेव्हा उन्हाचे तास आणि तापमान ही दोन मापे आहेत. एकावरून दुसरे काढायला गेले की हिशेब चुकतो.

आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गुंतागुंत. उन्हाचा एक तास म्हणजे ठरावीक ऊर्जा नव्हे. स्वीडनचे शास्त्रज्ञ अँडर्स आंगस्ट्रॉम यांनी १९२४मध्ये ऊन पडण्याचा वेळ आणि जमिनीवर पोहोचणारी सौरऊर्जा यांचे सरळ नाते मांडले. जागतिक अन्न व कृषी संघटनेने पिकांच्या पाण्याची गरज काढण्यासाठी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतही ते वापरले आहे. स्थानिक मोजमाप नसेल तेव्हा वापरायचे त्याचे ढोबळ रूप असे: वातावरणाच्या माथ्यावर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी पाव हिस्सा पूर्ण ढगाळ दिवशीही खाली येतो, आणि दिवसाचा जितका भाग ऊन असेल त्याच्या निम्म्याइतका हिस्सा त्यात मिळवायचा. हे गणित पुण्याला लावून पाहू. डिसेंबरमध्ये सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो आणि दिवस लहान, त्यामुळे वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे २७ मेगाज्यूल ऊर्जा येते. ऑगस्टमध्ये सूर्य माथ्याजवळ आणि दिवस मोठा, म्हणून ती सुमारे ३८. डिसेंबरात नऊ तासांहून जास्त ऊन धरून जमिनीवर साधारण १८ मेगाज्यूल पोहोचतात. ऑगस्टमध्ये साडेतीन-पावणेचार तास धरूनही साधारण १५. उन्हाच्या तासांत फरक अडीचपट, ऊर्जेत फरक जेमतेम वीस टक्के. मे महिन्याचा आकडा याच रीतीने २५च्या घरात जातो. म्हणजे डिसेंबर आणि मे यांचे तास जवळजवळ सारखे असले तरी ऊर्जा सारखी नाही, आणि ऑगस्टचे तास दयनीय दिसले तरी ऊर्जा तितकी दयनीय नाही. ढगांतून झिरपून आलेला विखुरलेला प्रकाश कागद जाळत नाही, पण पानाला आणि पॅनेलला तो पोहोचतोच.

हे गणित भारतात घट्ट पायावर उभे राहिले, त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. अन्ना मणी १९४८मध्ये हवामान विभागात पुण्याला रुजू झाल्या. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास देशभर सौरकिरण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले, त्यात त्यांचे काम पायाभूत होते. उपकरणे भारतातच घडवावीत आणि ती एका मापाला जुळवलेली असावीत यावर त्यांचा भर होता. १९८०मध्ये त्यांनी देशाच्या सौरकिरणांच्या आकडेवारीचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे सौरऊर्जेची कामे करणाऱ्यांना तो हाताशी लागला. आज गच्चीवर पॅनेल बसवणारा ठेकेदार ‘एका किलोवॉटला रोज चार युनिटं’ असे सांगतो, तेव्हा नकळत याच परंपरेतली एक सरासरी तो सांगत असतो. त्याचे चार युनिट वर्षाच्या हिशेबाने ठीकच आहेत. पण महिन्यांत ते साधारण तीन ते पाचच्या दरम्यान हलतात; मार्च-एप्रिलमध्ये वरच्या टोकाला, जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या. त्यातही एक मेख आहे. मे महिन्यात ऊर्जा सर्वांत जास्त असूनही पॅनेल तापल्यामुळे त्याची क्षमता घटते. पॅनेलच्या पृष्ठाचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे तीन-चार दशांश टक्के वीज कमी होते, आणि वर धुळीचा थर बसतो तो वेगळाच. पावसाळ्यात ऊन कमी, पण पॅनेल गार आणि धुतलेले.

इथे पहिला रास्त आक्षेप येतो. पॅनेलची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, नेट मीटरमध्ये उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी हिशेब मिटतो. मग महिन्यांची चिंता कशाला, वार्षिक बेरीज पुरे नाही का? ग्राहकाच्या बिलापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. योगायोगाने आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टच्या तुटीला कामी येते. पण हा हिशेब नियमांवर उभा आहे, निसर्गावर नाही. वर्षाची सीमा ऑक्टोबरला असती किंवा हिशेब दर महिन्याला मिटवायचा ठरला, तर तेच पॅनेल त्याच उन्हात वेगळाच नफा-तोटा दाखवील. आणि ग्राहकाची शिल्लक जाळ्यात जमा होते म्हणजे वीज कुठे साठून राहते असे नाही. एप्रिलच्या दुपारी तयार झालेली वीज एप्रिलच्याच दुपारी कुणीतरी वापरलेली असते, आणि ऑगस्टमध्ये ग्राहकाला मिळणारी परतफेड दुसऱ्याच कुठल्या वीजकेंद्रातून आलेली असते. कागदावर महिने एकमेकांना सांभाळून घेतात, तारांमध्ये नाही.

म्हणून राज्याच्या पातळीवर तर ऋतूंचा विचार टाळताच येत नाही, आणि तिथे महाराष्ट्राचे नशीब बरे आहे. उन्हाला ओहोटी लागते नेमकी तेव्हा वाऱ्याला भरती येते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवरच्या पवनचक्क्या जून ते ऑगस्ट या मोसमी वाऱ्यांच्या काळात जोरात फिरतात आणि थंडीत-उन्हाळ्यात मंदावतात. त्याच महिन्यांत कोयनेचा जलाशय भरत असतो; १,९६० मेगावॉट क्षमतेचा तो प्रकल्प नंतर मागणीच्या वेळेला धावून येतो. ऊन, वारा आणि पाणी यांचे वार्षिक आकडे स्वतंत्रपणे पाहिले तर ही जुळणी दिसतच नाही. तिन्ही आलेख महिन्यांवर मांडून एकमेकांवर ठेवले, तरच कळते की एकाची पोकळी दुसरा किती भरतो आणि कुठे कोणीच भरत नाही. उदाहरणार्थ, ऑक्टोबरात वारा ओसरलेला असतो, ऊन पूर्ण सावरलेले नसते आणि पारा मात्र चढू लागतो. विजेच्या नियोजनाला असे सांधेच कठीण जातात.

शेतीत हेच चित्र आणखी ठळकपणे दिसते, कारण तिथे ऊन आणि पाणी यांची वर्षभर चुकामूक चाललेली असते. खरिपात पाणी फुकट, पण ऊन तुटपुंजे. रब्बीत आणि उन्हाळ्यात ऊन मुबलक, पण पाणी विकतचे, विहिरीचे किंवा कालव्याचे. भाताचे उदाहरण घेऊ. पाण्याची हमी असेल तर उन्हाळी भाताचे हेक्टरी उत्पादन खरिपाच्या भातापेक्षा साधारणपणे जास्त येते, आणि त्यामागे ढगाविना मिळणाऱ्या प्रकाशाचा मोठा हात असतो. दाणे भरण्याच्या दिवसांत सलग झाकोळ राहिला की पीक हिरवेगार दिसते, पण वजन भरत नाही. शिवाय पानांवरचा ओलावा सुकत नाही आणि बुरशीला आयती संधी मिळते. पश्चिम महाराष्ट्रातल्या सिंचनाकडे या बाजूने पाहिले, तर धरणे नेमके काय करतात ते कळते. १८७०च्या दशकात बांधलेल्या खडकवासला धरणाने जुलै-ऑगस्टचे पाणी धरून ठेवायचे आणि ते मुठा कालव्यातून फेब्रुवारी-मेच्या उन्हाला नेऊन भेटवायचे, असा तो व्यवहार आहे. उसाने या भागात पाय रोवले ते त्यामुळेच. पण याच दहा तासांच्या उन्हात जलाशयावरून पाण्याची वाफही सर्वांत जास्त होते, आणि पिकाची तहानही. आंगस्ट्रॉमचे सूत्र कृषी संघटनेने उचलले ते याचसाठी. पिकाला उद्या किती पाणी द्यायचे हे ठरवताना आजचे उन्हाचे तास हा एक महत्त्वाचा आकडा असतो, आणि तिथे वार्षिक सरासरी कुचकामी असते. घरगुती वाळवणांनी मात्र हा हिशेब कधीच बिनचूक मांडला आहे. कुरडया, सांडगे, पापड एप्रिल-मे मध्ये घालायचे आणि वळवाच्या भीतीने दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवायचे, ही रीत पट्टीवरच्या नोंदीशी तंतोतंत जुळते.

दुसरा आक्षेप यंत्राबद्दल घेतला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जळालेल्या कागदावरून विज्ञान कसे करायचे? जागतिक हवामान संघटनेने ऊन आहे असे म्हणण्यासाठी थेट किरणांची मर्यादा चौरस मीटरला १२० वॉट अशी ठरवली आहे. काचेचा गोळा ही मर्यादा काटेकोर पाळत नाही. पट्टी ओली असेल तर ती उशिरा जळते, म्हणजे पावसाळ्यात थोडे ऊन नोंदीतून सुटते. उलट ढगांच्या फटीतून काही सेकंद कडक ऊन आले, तर जळका डाग प्रत्यक्ष वेळेपेक्षा लांब पसरतो आणि तुटक उन्हाचे तास फुगतात. श्रावणातल्या पट्टीवर दोन्ही चुका एकाच दिवशी होऊ शकतात. जळालेल्या तुकड्यांची लांबी मोजणारे डोळेही माणसाचेच. हे सगळे मान्य केले, तरी पुण्याच्या बाबतीत निष्कर्ष डळमळत नाही. मे आणि ऑगस्ट यांच्यातला फरक साडेसहा तासांचा आहे. यंत्राची चूक अर्ध्या-पाऊण तासाची धरली तरी तो पुसला जात नाही. यंत्राचा कच्चेपणा अडचणीचा ठरतो तो वेगळ्या प्रश्नात, दर वर्षी उन्हात काही तासांची घट होते आहे का हे शोधताना. तिकडे पुढे येऊ.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. आता थेट ऊर्जा मोजणारी पायरॅनोमीटर आहेत, उपग्रह दर अर्ध्या तासाला ढगांची छायाचित्रे पाठवतात. मग उन्हाचे तास हे माप ठेवायचेच कशाला? ऊर्जा हवी असेल तर ऊर्जाच मोजावी, हे बरोबर आहे, आणि वर आंगस्ट्रॉमच्या सूत्राने दाखवलेला डिसेंबर-ऑगस्टचा विरोधाभास याच आक्षेपाला बळ देतो. पण तासांतून एक गोष्ट कळते जी बेरजेतून कळत नाही: ऊन सलग होते की तुटक. १५ मेगाज्यूल दिवसभराच्या पांढुरक्या आभाळातून येऊ शकतात आणि दुपारच्या चार तासांच्या लख्ख उन्हातूनही. पापड, कांदा, वीट आणि धुतलेले कपडे यांच्या दृष्टीने हे दोन दिवस सारखे नाहीत, आणि आरसे किंवा भिंगाने ऊन एकवटणाऱ्या सौर उपकरणांच्या दृष्टीने तर पहिला दिवस वायाच जातो. दुसरे कारण इतिहासाचे. काचेच्या गोळ्याच्या नोंदी उपग्रहांच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या आभाळाविषयी विचारायचे असेल तर साक्षीदार म्हणून तेच कागद हाती आहेत.

त्या साक्षीदारांना विचारले, तर चौथा आणि सर्वांत गंभीर प्रश्न समोर येतो. जुन्या दशकांच्या सरासरीवर मांडलेला हा ताळेबंद आजही लागू आहे का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८१ ते २००४ या काळात भारतात जमिनीवर पोहोचणारी सौरऊर्जा दर वर्षी चौरस मीटरला सुमारे ०.८६ वॉटने घटल्याचे दाखवले. ही संस्था, बनारस हिंदू विद्यापीठ आणि हवामान विभाग यांच्या शास्त्रज्ञांनी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८८ ते २०१८मधल्या २० केंद्रांच्या नोंदी तपासल्या. त्यात उत्तरेच्या मैदानी भागात वर्षाला सुमारे १३ तासांची, पश्चिम किनाऱ्यावर साडेआठ तासांच्या आसपास आणि दख्खनच्या पठारावर सुमारे तीन तासांची घट आढळली. धूर, धूळ आणि प्रदूषणाचे सूक्ष्म कण काही ऊन स्वतः अडवतात आणि काही ढगांमार्फत. कण जास्त असले की ढगातले थेंब लहान आणि पुष्कळ होतात, ढग जास्त वेळ टिकतो. पठाराचा दर पुण्याला लावला तर तीस वर्षांत नव्वद तास, म्हणजे वर्षाच्या उन्हातले तीन टक्के. काचेच्या गोळ्याच्या चुका याच मापाच्या असल्याने एका केंद्रावरून असा निष्कर्ष काढू नये. अनेक केंद्रांचा कल एकाच दिशेने दिसतो म्हणून तो मानावा लागतो. पण ही घट ऋतूंचा आराखडा बदलत नाही. ऑगस्ट साडेतीन-पावणेचारचा आणि एप्रिल दहाचा, हे अंतर तीन टक्क्यांनी बुजणारे नाही. उलट या घटीचा अर्थ लावायलाही महिनेच लागतात. जुलैत दहा तास कमी झाले तर कारण पावसाच्या चढउतारात असू शकते. जानेवारीत, जेव्हा ढग जवळपास नसतात, तेव्हा दहा तास कमी झाले तर संशय थेट शहराच्या हवेवर जातो. वार्षिक बेरजेत हे दोन गुन्हेगार एकाच गर्दीत लपतात.

या सगळ्याचा व्यवहारी निष्कर्ष छोटा आहे. जून उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत पावसाचे मिलिमीटर आणि खडकवासला साखळीतला पाणीसाठा रोज छापून येतो, आणि पावसाचे ‘सरासरीच्या किती टक्के’ हे गणित सामान्य वाचकालाही कळते. उन्हाचे तास मोजले जातात, जपून ठेवले जातात, पण ते वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतात. पोहोचलेच तर वर्षाच्या एका आकड्यात गुंडाळून. सौर पॅनेलच्या दरपत्रकात वार्षिक युनिटांऐवजी बारा महिन्यांचा तक्ता असावा, कृषी सल्ल्यात पावसाच्या रकान्याशेजारी उन्हाचा रकाना असावा, आणि शहराच्या हवेचा आढावा घेताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे उन्हाचे तास स्वतंत्र तपासावेत. यातल्या एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. असलेले आकडे बेरीज करण्याआधी दाखवावे लागतात. त्यात कुणाला पुणे कमी उन्हाचे वाटण्याची भीती असेल, तर ती अनाठायी आहे. सुमारे २,९०० तास कुठेही जाणार नाहीत. ते आठ महिन्यांत दाटलेले आहेत आणि चार महिन्यांत विरळ, एवढे ठाऊक असलेला माणूस पॅनेल, पीक आणि पाणी यांचा बेत वेळेवर आखतो. सरासरीवर विसंबलेल्याला हा फरक दर जूनमध्ये नव्याने नडतो.